अंगठ्याची किंमत

यंदाच्या अंकाचा विषय 'खेळ'. संपादकांच्या मनात सोंगट्या असाव्यात, सावंतवाडीचा गंजिफा असावा, फार तर विस्मरणात गेलेला एखादा मैदानी खेळ. मी फोनवर म्हटलं, मला एका लिलावाबद्दल लिहायचंय. त्यात माणसं विकली जातात. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "दिवाळी अंक आहे, तेवढं ध्यानात ठेवा."

ध्यानात होतंच. दिवाळीतली बलिप्रतिपदा ही द्यूतप्रतिपदाही असते. त्या दिवशी फासे खेळायला परंपरेचीच मोकळीक. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वती पट मांडून बसलेले आहेत ते अजून उठलेले नाहीत. प्राचीन रोममध्ये अशी मोकळीक डिसेंबरातल्या सॅटर्नेलियाच्या सणात मिळे. एरवी पैसे लावून फासे खेळायला कायद्याने बंदी. सणाचे दिवस तेवढे माफ. अर्थात बंदी पाळली जाई ती आपल्याकडे पाळली जाते तितपतच. सम्राट ऑगस्टसने टायबेरियसला लिहिलेल्या एका पत्राचा मजकूर सुएटोनिअसने नोंदवून ठेवलाय. मार्चमधल्या एका सणात दिवसभर पट तापलेला होता, आपण वीस हजार सेस्टर्स हरलो. पण लोकांना सोडून दिलेले पैसे वसूल केले असते तर पन्नास हजार जिंकलो असतो, असं तो सांगतो. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी जो हिशेब मांडतो तो दोन हजार वर्षांत बदललेला नाही.

तर फासे, पत्ते आणि रोम या तिन्ही गोष्टी एकाच खोक्यात असलेला एक खेळ आहे. नाव 'स्पार्टाकस : अ गेम ऑफ ब्लड अँड ट्रेचरी'. स्टार्झ या अमेरिकी वाहिनीवर 2010 मध्ये सुरू झालेल्या मालिकेवरून गेल फोर्स नाइन या कंपनीने तो 2012 मध्ये काढला. ॲरन डिल, जॉन कोव्हालेस्की आणि शॉन स्वाइगार्ट हे त्याचे रचनाकार. रक्त आणि विश्वासघात हे दोन्ही शब्द खोक्यावर छापलेत. पहिला खपवण्यासाठी आहे, दुसरा खरा आहे.

चार घराणी

कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये शनिवारी संध्याकाळी हा खेळ मांडला जातो. घर ज्याचं तो एका आयटी कंपनीत आहे. बोर्ड गेमची खोकी त्याच्याकडे पुस्तकांच्या कपाटात, पुस्तकांना बाजूला सारून बसलेली. त्याच्या जोडीला एक सीए, एक वकीलबाई आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर. सरांनी यांच्यातल्या दोघांना शाळेत शिकवलंय, त्यामुळे पटावरही त्यांना 'सर' आणि 'तुम्ही', बाकीच्यांत अरे-तुरे. मी खेळणार नव्हते. खुर्ची ओढून बाजूला बसले.

घराणी चार. बाटिआटस, सोलोनिअस, टुलिअस, ग्लेबर. शेवटची दोन मालिकेने आणि इतिहासाने वाटून घेतलेली : टुलिअस मालिकेच्या लेखकांचा, ग्लेबर मात्र खरा. वेसूव्हिअसच्या डोंगरावर चढलेल्या बंडखोरांना कोंडायला रोमने इ.स.पू. 73 मध्ये धाडलेला आणि मागून उतरलेल्या त्याच बंडखोरांच्या हातून मार खाल्लेला. बाटिआटसही खरा, कापुआ शहरात त्याची ग्लॅडिएटरांची तालीम होती आणि तिथूनच त्या बंडखोरांचा नेता स्पार्टाकस पळाला, असं प्लूटार्क सांगतो. सत्तरच्या वर माणसं मुदपाकखान्यातले सुरे आणि सळया घेऊन बाहेर पडली. वाटेत त्यांना ग्लॅडिएटरांसाठी शस्त्रं वाहून नेणाऱ्या गाड्या सापडल्या.

पटावर यातलं काही घडत नाही. इथे खेळणारा प्रत्येक जण मालक असतो. बंड करायची चाल नियमावलीत नाहीच. खोक्यावर ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे तो स्पार्टाकस पत्त्याच्या एका पानावर असतो, बाजारात निघतो आणि जास्त नाणी देणाऱ्याच्या घरी जातो. मला सुरुवातीला हे खटकलं. नंतर वाटलं, मालकांच्या जगाचा खेळ असाच असणार. त्यांच्या हिशेबात बंडाला रकाना नव्हता म्हणून तर ते इतकं पसरलं.

जिंकायचं कसं? दबदबा मिळवून. प्रत्येकाची पटावर एक खूण असते, ती बारापर्यंत न्यायची. सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवतात : सातपासून केली तर डाव लवकर आटपतो, चारपासून मध्यम, एकपासून केली तर रात्र गेली.

प्रत्येक फेरीचे चार टप्पे. आधी घरखर्च. कामाला असलेला प्रत्येक गुलाम मालकाला एक नाणं मिळवून देतो आणि प्रत्येक ग्लॅडिएटर एक नाणं खातो. एवढ्या एका ओळीत या धंद्याचं सगळं अर्थशास्त्र आहे. ग्लॅडिएटर ही चैन. त्याला पोसायला राबणारी माणसं लागतात. सीएने ते पहिल्याच फेरीत ओळखलं आणि गुलाम जमवायला लागला. वकीलबाई म्हणाल्या, "हा बघ, एफडी काढून बसला."

मग कारस्थानांचा टप्पा. तीन पानं उचलायची. काही पानं म्हणजे कट : दुसऱ्याच्या घरी विषप्रयोग, अफवा, लाच. कट रचायला ठरावीक दबदबा लागतो आणि सुरुवातीला तो कुणाकडेच पुरेसा नसतो. तेव्हा शेजाऱ्याचा दबदबा उसना घ्यावा लागतो आणि शेजारी फुकट देत नाही. इथे सौदे सुरू होतात. दोन नाणी देतो, नाव लाव. नाव लावतो, पण मला रिंगणात बोलावू नकोस. नको असलेली पानं मोडून रोख पैसेही करता येतात. ज्याच्यावर कट रचला त्याच्याकडे पहारेकरी असेल तर तो खर्ची घालून कट उधळायचा प्रयत्न करता येतो.

आणि नियमावलीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : दिलेला शब्द पाळायचं बंधन नाही. हातोहात झालेला व्यवहार पक्का. पुढच्या फेरीचं वचन हवेत. वकीलबाईंनी हा नियम मला दोनदा वाचून दाखवला; आवडल्यासारख्या.

झाकली मूठ

तिसरा टप्पा बाजाराचा. आधी मोकळी देवघेव होते, मग जितके खेळणारे तितकी पानं पालथी मांडतात आणि एकेक उलटत जातात. माणूस, शस्त्र, चिलखत. उलटलेल्या पानावर बोली लावायची ती मुठीत. पटाखाली हात नेऊन नाणी मोजायची, मूठ मिटून पटावर धरायची, सगळ्यांनी एकदम उघडायची. जास्त नाणी ज्याची, पान त्याचं. रिकामी मूठसुद्धा तितक्याच गंभीर चेहऱ्याने धरायची असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मी इतकी शब्दशः अमलात आलेली कधी पाहिली नव्हती. सर तर नाणी नसतानाही मुठीत खुळखुळ केल्यासारखा हात हलवायचे.

पानं संपली की सगळ्यात मोठी बोली लागते : या फेरीचा यजमान कोण? एखाद्या ग्लॅडिएटरपेक्षा या मानासाठी लोक जास्त पैसे फेकतात आणि त्याला कारण आहे. यजमानाला खेळ भरवल्याबद्दल दबदब्याचा एक गुण मिळतो. रिंगणात कुणाकुणाला बोलवायचं ते तो ठरवतो. आमंत्रण नाकारलं तर नाकारणाऱ्याचा एक गुण जातो. म्हणजे ज्याच्याकडे दुबळा गुलाम सोडून लढायला कुणी नाही, त्यालाच मुद्दाम आमंत्रण द्यायचं. माणूस गमाव नाहीतर अब्रू.

मूळ रोमन व्यवस्थाही याच मानाभोवती फिरत होती. खेळ भरवणारा हा बहुधा निवडणूक लढवणारा किंवा नुकताच निवडून आलेला मोठा माणूस असे. ज्युलिअस सीझरने इ.स.पू. 65 मध्ये 320 जोड्या उतरवल्या, असं प्लूटार्क लिहितो. त्याने आणखीही जमवले होते. एवढी हत्यारबंद माणसं एका माणसाच्या पदरी पाहून सिनेटने घाबरून आकड्यावर मर्यादा घातली. माणसं पुरवणारा तालमीचा मालक मात्र समाजात खालचाच. त्याच्या पंक्तीला कुणी बसत नसे, माणसं मात्र त्याच्याकडूनच घेत. शिवाय बड्या लोकांनी हाच धंदा मागच्या दाराने केला तर चालून जाई. सिसेरोचा मित्र ॲटिकस, पुस्तकांचा शौकीन आणि मोठा सावकार, याने इ.स.पू. 56 च्या सुमारास ग्लॅडिएटरांचा एक ताफा विकत घेतला. सिसेरोने त्याला लिहिलं की माणसं उत्तम लढतायत, भाड्याने दिली असतीस तर दोन खेळांत पैसे सुटले असते. सीएला हे सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "देखभाल धरून?"

रिंगणाची भुरळ फक्त रोमनांनाच पडली असंही नाही. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले, तिथे त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं आणि कोल्हापूरचं खासबाग मैदान त्यावरून सुचलं, असं कोल्हापुरात सांगतात. मैदान उभं राहिलं ते 1912 मध्ये. मध्ये खोलगट हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, लांबच्या माणसालाही पैलवानाची पाठ टेकलेली दिसावी अशी. महाराजांनी इमारतीचा आकार उचलला, त्यातला धंदा सोडून दिला.

फासे म्हणजेच अंग

चौथा टप्पा रिंगणाचा. षटकोनी घरांचा गोल पट, त्यावर दोन छोट्या मूर्ती, आणि फासे तीन रंगांचे. लाल हल्ल्याचे, काळे बचावाचे, निळे वेगाचे. कुणाला किती ते ज्याच्या त्याच्या पानावर लिहिलेलं असतं. निळे फासे टाकून आधी कोण चालणार ते ठरतं. जितके निळे तितकी घरं सरकता येतं. समोरासमोर आले की एकाने सगळे लाल फेकायचे, दुसऱ्याने सगळे काळे. दोघांनी आपापले फासे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावायचे आणि जोड्या जुळवायच्या. लाल मोठा असेल तर घाव लागला. काळा मोठा असेल तर वाचला. बरोबरी झाली तर बचाव करणाऱ्याची सरशी.

बरोबरीचा हा नियम दिसतो त्याहून वजनदार आहे. एकास एक फासा धरला तर 36 शक्यतांपैकी 15 मध्येच हल्ला लागतो, 21 मध्ये वाया जातो. म्हणून शहाणा खेळाडू समोरच्याचे काळे फासे आधी कमी करायच्या मागे असतो. काळे कमी झाले की काही लाल फाशांना समोर जोडीदार उरत नाही, आणि तसा सुटा फासा बहुतेकदा घाव घालूनच जातो.

पण या लढतीचं खरं मर्म वेगळ्याच नियमात आहे. घाव लागला की लढणाऱ्याचा एक फासा कायमचा जातो. कुठला सोडायचा ते ज्याला लागलं त्यानेच ठरवायचं. हात जाऊ देऊ, पाय जाऊ देऊ की ढाल? आयुष्य मोजणारा वेगळा तक्ता नाही, हृदयाच्या खुणा नाहीत. फासे हेच अंग. लाल सोडले तर वार बोथट होतात. निळे सोडले तर पळता येत नाही. काळे सोडले तर पुढचा हल्ला शेवटचा ठरू शकतो. लढत जसजशी पुढे सरकते तसतसा मुठीतला खुळखुळाट कमी होत जातो. सुरुवातीला दोन्ही हातांत न मावणारे फासे शेवटी चिमटीत येतात, आणि चिमटीतले फासे टाकणारा माणूस आपोआप हळू टाकतो. खेळ रचणाऱ्यांना यासाठी मी पैकीच्या पैकी गुण देईन.

प्रत्येक रंगाचा निदान एक फासा शक्य तोवर हातात राखावा लागतो. तीन उरले, म्हणजे प्रत्येकी एक, तरी माणूस उभा असतो. पुढचा एक घाव लागला आणि दोनच उरले तर त्याने शरणागतीचं बोट वर केलं असं समजायचं. दोन घाव एकदम लागले आणि एकच उरला तर तो जायबंदी. तिन्ही गेले तर शिरच्छेद, तिथल्या तिथे. म्हणजे हरणाऱ्याचं नशीब शेवटच्या एका फेकीत किती फासे उडाले यावर. बघ्यांच्या पैजाही यावरच लागतात. नुसत्या जिंकण्यावर लावलं तर एकास एक. जायबंदी होईल किंवा मुंडकं उडेल यावर लावलं तर एकास दोन.

त्या संध्याकाळी वकीलबाई यजमान झाल्या आणि त्यांनी सरांच्या घरचा एक गुलाम बोलावला, समोर सीएचा भरभक्कम ग्लॅडिएटर. सरांकडे फासे मोजके. "सर, नाकारा, एकच गुण जातोय," घरमालक म्हणाला. सर म्हणाले, "पळून बघू." आणि ते पळाले. रिंगणाच्या कडेकडेने, दर वेळी एक घर अंतर राखून. सीएचे लाल फासे चार वेळा मुठीतच राहिले. एकदा सर वळले आणि दोन षटकार पडले. सीएचे दोन काळे गेले. टेबलाभोवती एकदम आरडाओरडा. मग मात्र कोपरा आला. काळ्यावर लाल भारी पडला, आणि सरांच्या हातात दोन फासे उरले.

शरणागती. सगळ्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं.

पाँपेईच्या भिंती

ती दोन सेकंदं जाऊ देते, आणि पाँपेईला जाते. तिथे न्यूसेरियाच्या वेशीबाहेर एका थडग्यावर कुणीतरी लढतींची चित्रं ओरखडून ठेवली आहेत. त्यात मार्कस ॲटिलिअस नावाचा नवखा आहे. त्याची पहिलीच लढत 14 लढतींच्या अनुभवी हिलारसशी, नीरोच्या तालमीतल्या. नवखा जिंकला. पुढच्या लढतीत त्याने रेशिअस फेलिक्सला पाडलं. या फेलिक्सच्या नावावर 12 लढती आणि 12 विजय. फाशांनीसुद्धा इतका पक्षपात करू नये.

आता हरलेल्या दोघांकडे बघा. दोघांच्या नावापुढे अक्षर आहे ते जीवदान मिळाल्याचं. पाँपेईच्या भिंतींवर अशी अक्षरं बरीच सापडतात : जिंकला, सोडून दिला, मेला. 'सोडून दिला' हा एक नेहमीचा, नोंदण्याजोगा निकाल होता. लढतीत पंच असत, हातात लांब काठी घेऊन. हरणारा बोट वर करी, पंच जिंकणाऱ्याचा हात धरी, आणि प्रश्न यजमानाकडे जाई. ज्यात जीवदानाची सोयच नाही अशा लढतींवर खुद्द ऑगस्टसने बंदी घातली होती.

यामागे दया किती आणि हिशेब किती? दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस विद्यार्थ्यांना एक उदाहरण देतो. ग्लॅडिएटर या अटीवर दिले की जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाचे 20 देनारियस, आणि जो मेला किंवा लुळापांगळा झाला त्याचे 1000. तर हा व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? गायसचं मत, धडधाकट परत आला तो भाड्याचा, मेला तो विकलेला. कायद्याच्या वर्गातलं कोरडं कोडं. पण आकडे बघा : जिवंत परत केला तर 20, मेला तर त्याच्या पन्नासपट. आसनावर बसलेला यजमान अंगठा वळवताना हा फरक स्वतःच्या थैलीतून भरत होता.

अंगठा वर की खाली हाही चित्रकारांचा उद्योग. जुन्या लेखनात 'वळवलेला' अंगठा येतो, दिशा सांगत नाहीत. फ्रेंच चित्रकार जेरोम याने 1872 मध्ये रंगवलेल्या चित्रात प्रेक्षकांचे अंगठे खाली आहेत आणि तेव्हापासून जगभर मरण खालच्या दिशेला आहे. पटावरही तसंच.

कोथरूडचा निकाल

वकीलबाईंनी सरांकडे तीन नाणी मागितली. सरांनी मोजून दिली. वकीलबाईंनी नाणी पुढ्यात रचली आणि अंगठा खाली केला.

"अगं!" घरमालक ओरडला.

"काय झालं? जीव सोडते असं कुठे म्हटलं मी? तीन नाणी द्या एवढंच म्हटलं."

सर हसत होते, पण नियमावली त्यांनी ओढून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून चाळायला लागले. त्यांना जे खुपलं तेच मलाही खुपलं. या खेळात मारण्याचा खर्च यजमानाला शून्य आहे. माणूस सरांचा गेला, पैसे सरांचे गेले, आणि वकीलबाईंच्या अंगठ्याला कवडीचीही तोशीस पडली नाही. बाकी सगळीकडे हा खेळ रोमच्या हिशेबाला धरून आहे; गुलाम कमावतो, ग्लॅडिएटर खातो, यजमानपण विकत घ्यावं लागतं. इथे मात्र त्याने मालिकेचं ऐकलं. टीव्हीवर अंगठा फुकट असतो.

सर म्हणाले, "पुढच्या डावापासून एक नियम माझा. मारायचा असेल तर मारा, पण पानावर छापलेली किंमत मालकाला भरायची." आणि गायसचं कोडं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. बोर्ड गेमवाल्यांना घरचे नियम घालायची हौस असतेच. मान्य झालं.

सरांचा नियम

दुसरा डाव सातपासून मांडला, लवकर संपावा म्हणून. पहिल्या दोन्ही लढतींत हरणारा वाचला. यजमानाने किंमत पाहिली, थैली चाचपली आणि अंगठा वर केला. लाच मागण्यातला जोरही गेला. किंमत सगळ्यांना ठाऊक, धमकी पोकळ. वकीलबाई कंटाळल्या. "सर, तुम्ही याचं को-ऑपरेटिव्ह बँकेचं संचालक मंडळ करून टाकलंत."

तिसऱ्या फेरीत सीए यजमान झाला. गुलामांच्या जिवावर जमवलेली नाण्यांची चळत त्याच्यापुढे उभी होती. त्याने घरमालकाचा आणि वकीलबाईंचा ग्लॅडिएटर बोलावला. घरमालकाचा हा लाडका. प्रत्येक विजयाबरोबर लोकप्रियतेची एक खूण मिळते, तिसरी मिळाली की तो 'चॅम्पियन' होतो, आणि याच्या नावावर दोन होत्या. तो हरला. शरण आला. सीएने पान उचललं, किंमत वाचली, चळतीतून नाणी मोजून टेबलाच्या मधोमध ठेवली, एकेक, आवाज करत, आणि अंगठा खाली केला.

टेबल शांत. मग टाळ्या पडल्या, चक्क. पहिल्या डावात वकीलबाईंनी फुकट मारलं तेव्हा लोक ओरडले होते.

मला मिंटुर्नीचा शिलालेख आठवला. इटलीतल्या त्या गावात इ.स. 249 मध्ये पब्लिअस बेबिअस युस्टस नावाच्या गृहस्थाचा पुतळा गावाने उभारला. त्याच्या चौथऱ्यावर कोरलंय की यांनी चार दिवसांत 11 जोड्या उतरवल्या, त्यांतले 11 ग्लॅडिएटर मारले, शिवाय 10 अस्वलं, क्रूरपणे मारली. अशा ओळी कुणी कबुलीजबाब म्हणून दगडावर कोरत नाही. अकराच्या अकरा जोड्यांत एकेक माणूस गेला आणि त्याचा भुर्दंड या गृहस्थांनी सोसला, हे सांगायचं होतं. महाग असल्यामुळे मृत्यू दुर्मीळ होत होता, आणि दुर्मीळ असल्यामुळे तो मिरवण्यासारखा होत होता.

किंमत हाताबाहेर जात होती हेही खरं. इ.स. 177 मध्ये मार्कस ऑरेलियसच्या काळात ग्लॅडिएटरांच्या दरांवर मर्यादा घालणारा ठराव झाला. प्रांतोप्रांतीच्या पुजाऱ्यांना हे खेळ भरवणं बंधनकारक होतं आणि त्या खर्चाने ते बुडत होते. ठरावाचा ब्राँझचा पत्रा स्पेनमध्ये इटालिकाला सापडला. तत्त्वचिंतक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्या सम्राटाच्या दरबारात ग्लॅडिएटरांबद्दल मोठी चर्चा झाली ती भावावरून.

मांडायला बसणार असाल तर

खेळ तीन किंवा चार जणांचा. 2013 मध्ये आलेली 'द सर्पंट्स अँड द वुल्फ' ही पुरवणी जोडली तर सहा जणांत चालतो आणि दोघांविरुद्ध दोघे अशा लढतीही होतात, पण पहिल्यांदा तिच्या वाटेला जाऊ नका. मुलांना घेऊन बसायचा हा खेळ नव्हे; पानांवरची भाषा मालिकेसारखीच आहे, खोक्यावर 17 वर्षांवरील असं लिहिलंय ते उगाच नाही. वेळ दोन-तीन तास धरा, सौद्यांची आवड असलेली मंडळी असतील तर चार.

नवख्यांची एक सवय मला बसल्या जागेवरून दिसली. ते रिंगणाची वाट बघत बसतात. कारस्थानाची पानं हातात तशीच ठेवतात, बाजारात चांगला लढवय्या घेतात, आणि मग कुणी आमंत्रणच देत नाही. ज्याचा ग्लॅडिएटर भारी त्याला यजमान कशाला बोलावेल? तो घरी बसून दर फेरीला एक नाणं खातो. त्यापेक्षा सुरुवातीला दोन गुलाम जास्त बरे. पहारेकऱ्याचं पान हाती आलं तर मोडून पैसे करू नका. आणि आपला दबदबा भाड्याने द्यायची वेळ आली तर आधी नाणी घ्या, मग नाव लावा. हा सल्ला वकीलबाईंचा, आणि त्यांच्या बाबतीत तर दुप्पट लागू.

दुसरा डाव अकराच्या सुमारास संपला. जिंकलं कोण, तर सर. शेवटच्या फेरीत कारस्थानाच्या टप्प्यातच त्यांनी एक कट पार पाडला, त्यासाठी लागणारा दबदबा घरमालकाकडून घेतला, आणि बारावा गुण तिथेच पडला. सगळे रिंगणासाठी फासे रंगवार लावून तयार होते. घरमालकाने नाव का लावलं, यावर दहा मिनिटं वाद झाला. त्याचं म्हणणं, मेलेल्या ग्लॅडिएटरचे पैसे सीएने भरले हे खरं, पण छापील किमतीने. लोकप्रियतेच्या दोन खुणा मिळवलेल्या माणसाला छापील किंमत कशी चालेल?

"डेप्रिसिएशन असतं, तसं उलटंही धरावं लागेल," सीए म्हणाला. त्याला मुद्दा पटला होता.

"खुणेमागे दोन नाणी," सर म्हणाले.

"तीन," वकीलबाई म्हणाल्या. "आणि यजमानाने आगाऊ ठेवायची."